ओढीवरचा आवाज

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्याच वर्षी खाणीत क्रेन आली. लग्न उन्हाळ्याच्या तोंडावर झालं आणि क्रेनचे सुटे भाग उन्हाळा सरताना ट्रकमधून आले. आमच्या घराचं जे काही व्हायचं होतं ते मधल्या दिवसांत झालं.

खाण गावाला लागूनच होती. खाली पाथरवट दगड काढून चौकोनी करायचे आणि तो वर रस्त्यापर्यंत न्यायचं काम ओढकऱ्यांच्या टोळीचं. त्यासाठी मातीची लांब चढण केलेली होती. तिच्यावर लाकडाचे गोल ओंडके टाकायचे, ओंडक्यांवर दगड चढवायचा आणि दोन्ही अंगांनी दोर लावून माणसांनी तो ओढायचा. सगळ्यांचा जोर एका वेळी लागला तरच दगड हलतो. नाही तर ज्याचा त्याचा जोर ज्याच्या त्याच्या पाठीत जिरतो आणि दगड आहे तिथंच बसून राहतो. म्हणून टोळीला एक हाकाऱ्या असायचा. तो कडेला उभा राहून ओळ म्हणायचा. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सगळे 'हो' म्हणून ओढायचे. दगड वीतभर पुढं सरकला की मागचा माणूस त्याच्याखाली लाकडाची पाचर सारायचा, म्हणजे दगड मागं घसरत नसे. मग पुढची ओळ.

हाकाऱ्या म्हणजे आमचे हे. खाणीत यांना सगळे 'घसा' म्हणत. पाचर सारणारा यांचा लहानपणापासूनचा जोडीदार होता, त्याला 'पाचर'च म्हणत. खरी नावं फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायची, आणि तेव्हा 'हजर' म्हणायला दोघांनाही जरा वेळच लागायचा.

ह्यांचं काम सगळ्यांनाच काम वाटायचं असं नाही. दोरावरची माणसं संध्याकाळी तळहाताला तेल चोळत बसत आणि ह्यांचे हात बघून टोमणे मारत. एकाने तर सगळ्यांदेखत विचारलं होतं, की घशाला घट्टे पडतात का रे, दाखव बघू तोंड उघडून. ह्यांनी खरंच तोंड उघडून दाखवलं. सगळे हसले. घरी आल्यावर मात्र हे आपलेच तळहात उलटसुलट करून बघत बसले.

पण ओळी ह्यांच्याच. जुन्या हाकाऱ्यांच्या ठरलेल्या ओळी होत्या, त्या हे सकाळी पहिल्या दगडाला म्हणत. नंतर जे डोळ्यांसमोर दिसेल ते ओळीत यायचं. मुकादमाने एकदा नवे बूट घातले आणि ते चावायला लागले म्हणून तो लंगडत फिरत होता. लगेच चढणीवरून आवाज आला,

"मुकादमाने घेतला जोडा, हो!
चालतो कसा नवा घोडा, हो!
घरी जाऊन बंद सोडा, हो!
आधी आमचा दगड ओढा, हो!"

मुकादम शिव्या देत आला आणि शेवटच्या ओळीला स्वतःच दोराला हात लावून गेला.

मी खाली खडी फोडायला असायची. आम्ही बायका फाटक्या कापडाच्या सावलीत बसून, जुन्या टायरच्या कडीत दगड धरून त्यावर हातोडी मारायचो. कडी असली की कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. वरून ह्यांचा आवाज आला की आमच्या हातोड्या आपोआप त्या तालात पडायच्या. शेजारची म्हणायची, तुझं बरं आहे बाई, नवरा दिवसभर बोलत असतो, आमचा मेला घरी आल्यावरसुद्धा तोंड उघडत नाही. मी म्हणायची, दिवसभर तिथं बोलतात म्हणून घरी आमच्याही वाट्याला काही येत नाही. पण मनातून बरं वाटायचं. धूळ इतकी असायची की चढणीवरचा माणूस ओळखू यायचा नाही, आवाज मात्र स्वच्छ खाली यायचा.

लग्नाची पाहुणेमंडळी परत गेली आणि मुकादमाने सांगितलं, की मोठ्या नदीवरच्या पुलाच्या कामाचे दगड आपल्या खाणीतून जायचेत, त्यासाठी क्रेन येणार आहे. क्रेन आली की टोळी मोडणार. काही जणांना नव्या रस्त्याच्या कामावर पाठवतील, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

दुसऱ्याच दिवशी खाणीच्या साहेबाने ह्यांना बोलावलं. साहेब तरुण होता, पण माणसांकडे नीट बघणारा होता. त्याने ठरवलं होतं की क्रेनवर बाहेरचा माणूस आणायचा नाही. तो म्हणाला, की दगड कधी हलणार आणि कधी अडणार हे तुला लांबून कळतं, मी पाहिलंय. काम कायमचं, बसून करायचं, डोक्यावर पत्रा. मग त्याने क्रेनवर वजन दाखवणारी घड्याळासारखी तबकडी कागदावर काढून विचारलं, की काटा कुठल्या आकड्यावर आहे ते सांग. ह्यांना आकडे येत नव्हते. खोलीत मुकादम होता, कारकून होता. साहेबाने काही न बोलता लाल पेन्सिल घेतली आणि तबकडीवर जाड रेघ मारली. काटा रेघेच्या अलीकडे असेल तर उचलायचं, पलीकडे गेला की सोडून द्यायचं. लहान मुलाला शिकवावं तसं त्याने तीनतीनदा विचारून घेतलं आणि हे तीनतीनदा सांगत राहिले.

घरी येऊन हे सांगत होते तेव्हा सासूबाई गुडघ्यांना तेल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "आपल्या घरात सावलीत बसून कुणी काम केलंय का आजवर? तुझ्या बापाच्या खांद्याला दोराने खड्डा पडला होता. त्यात पाणी साचलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हसतेस काय? खरंच साचलं असतं."

नाटक कंपनी आली नसती तर क्रेनचं तेव्हाच ठरून गेलं असतं.

कंपनी दरवर्षी पिकं निघाल्यावर यायची आणि खाणीपलीकडच्या मोकळ्या रानात तंबू ठोकायची. त्या वर्षी त्यांचा पदं रचणारा माणूस वाटेत कुठंतरी भांडून निघून गेला होता. कंपनीचे मालक जाडजूड, केसांना काळा रंग लावणारे. एका दुपारी ते खाणीच्या काठावर उभे राहून ऐकत होते. सुट्टी झाल्यावर खाली उतरून आले आणि ह्यांना म्हणाले, की आमच्या नाटकात एक चिकट दुकानदार आहे, त्याच्यावर चार ओळी कर बघू. ह्यांनी तिथंच उभ्याउभ्या केल्या. मालकांनी त्या दोनदा म्हणायला लावल्या आणि सोबतच्या माणसाकडून उतरवून घेतल्या.

संध्याकाळच्या खेळाला आम्हाला फुकट बसायला मिळालं. सासूबाईंनी आमच्या लहान मुलीला मांडीवर घेतलं होतं. दुकानदार आला, त्याने ह्यांच्या ओळी म्हटल्या आणि शेवटच्या शब्दाआधी नुसता थांबला. काजळ घातलेले डोळे गरगर फिरवत लोकांकडे बघत राहिला. लोक आधीच हसायला लागले. मग त्याने शब्द सोडला आणि अख्खा तंबू उठला. मागच्या बाकावरचा एक म्हातारा तर हसता हसता खाली जमिनीवर बसला. ह्यांनी माझं मनगट धरलं होतं. चारचौघांत यांनी मला कधी हात लावला नव्हता. बांगडीचा वळ सकाळपर्यंत होता.

त्यानंतर हे रोज काम सुटलं की तंबूत जायचे. खाणीची धूळ अंगावर असायची म्हणून पहिल्या दिवशी मुख्य नटाने यांना सतरंजीवर बसू दिलं नाही, आधी हातपाय धुऊन ये म्हणाला. हे धुऊन आले. मालक यांना शिकवत होते. घरी येऊन हे मला सांगायचे आणि सांगताना उभं राहून करून दाखवायचे. मालक म्हणायचे, शेवटचा शब्द लगेच देऊन टाकायचा नाही. हातात धरून ठेवायचा. लोकांना तो मागू द्यायचा.

मग मालकांनी विचारलंच. कंपनीबरोबर चल. पावसाळा सोडून बाकीचं वर्ष फिरायचं, जेवणखाण कंपनीचं, मिळकतीत वाटा. तुझ्या ओळी आमचा माणूस लिहून घेईल. मुकादमाच्या बुटांच्या ओळी त्यांना फार आवडल्या होत्या, त्या प्रत्येक गावात म्हणायच्या म्हणाले. हे म्हणाले, पण तिथं मुकादम कुठं असणार? मालक म्हणाले, असतो रे, प्रत्येक गावात एक असतो.

घरात मग एकच विषय. सासूबाईंचं म्हणणं, की नाटकवाल्यांची चूल आज इथं, उद्या तिथं, आणि म्हातारपणी कुठंच नाही. पाचरभाऊजी रोज चहाला यायचे. ते म्हणायचे, घशा, तू जा. क्रेनवर बसून तू काय करणार, क्रेनला तुझी ओळ कळणार आहे का? सासूबाई म्हणायच्या, हा घरात येतो तो पाचर मारायलाच. भाऊजी हसून आणखी चहा मागायचे. त्यांना पोरंबाळं नव्हती, बायको लवकर गेली होती. त्यांचं स्वतःचं टोळी मोडल्यावर काय होणार, हे ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

मला कुणी विचारलं नव्हतं. एकदा भांडी घासत होते तेव्हा हे मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं? हे कंपनीबरोबर गेले तर आवाज गावोगाव जाणार आणि मी इथं खडी फोडत बसणार. क्रेनवर बसले तर आवाज कुठंच जाणार नाही. दोन्हीकडून मला तो ऐकू येणार नव्हता. पण तंबूतला यांचा चेहरा मी पाहिला होता.

मी म्हटलं, "तुम्ही जा. खडी मी फोडतेच आहे. पावसाळ्यात तर याल ना?"

हे माझ्या हातातलं पातेलं घेऊन विसळायला लागले. सासूबाईंनी ते आतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून जाण्याच्या विरुद्ध बोलणं बंद केलं. त्यांनीच सासऱ्यांची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढवली आणि उन्हात ठेवली.

साहेबाला आठवड्याअखेर सांगायचं ठरलं. त्याआधी पुलाचा पहिला मोठा दगड वर न्यायचा होता. क्रेन अजून यायची होती. एवढा दगड त्या चढणीने कधी पाहिला नव्हता. दोन टोळ्या एकत्र लावल्या, दोर नवे आणले. सकाळीच ऊन असं होतं की पहारीला हात लावता येईना, म्हणून पोरं पहारींवर पाणी ओतत होती. आम्हा बायकांनाही हातोड्या ठेवून बाजूला उभं राहायला सांगितलं.

दगड निम्म्या चढणीपर्यंत व्यवस्थित गेला. ह्यांचा आवाज त्या दिवशी इतका लागला होता की दोरावरचे दमले असूनही हसत होते. मुकादम छत्री धरून वरच्या टोकाला उभा होता. हे म्हणाले,

"क्रेन येणार, तेल पिणार, हो!
एका दमात दगड नेणार, हो!
आणि मुकादम शेजारी बसून..."

आणि हे थांबले.

तंबूत थांबतात तसे थांबले. मान वळवून मुकादमाकडे बघितलं. मला खालून दिसत होतं. अर्ध्या माणसांनी सवयीने शब्दाच्या जागी जोर लावला. बाकीचे शब्दाची वाट बघत हसायला लागले होते, त्यांचे दोर सैल. दगड वीतभर पुढं गेल्यासारखा झाला, पाचरभाऊजी सवयीनेच वाकले आणि दगड मागं आला.

मला आवाज आठवतो तो दगडाचा नाही. पाचर फुटली तिचा. सुक्या फांदीसारखी फुटली.

भाऊजींच्या डाव्या पायाचा पुढचा भाग गेला होता. माणसांनी पहारी घालून दगड उचलला, फळीवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. हे चढणीवर होते तिथंच उभे होते. मी वर गेले, हात धरला, तरी हलेनात. मुकादमानेच मग यांना खांद्याला धरून खाली आणलं. तो चांगला माणूस होता. म्हणाला, कुणाचीच चूक नाही, दगड मोठा होता. पण सगळ्यांना माहीत होतं काय झालं ते.

दवाखान्यात हे रोज जायचे आणि खाटेशी नुसते बसून यायचे. डबा मी न्यायची. डॉक्टरांनी बोटं काढून टाकली होती, टाच राहिली होती. भाऊजींना ताप चढला होता. ताप उतरला त्या दिवशी ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "घशा, एक सांग. मुकादम शेजारी बसून काय?"

यांना आधी कळलंच नाही.

"अरे, ती ओळ. क्रेन तेल पिणार, दगड नेणार, आणि मुकादम शेजारी बसून काय? माझा पाय गेला त्या शब्दापायी. निदान शब्द तरी कळू दे."

हे खाली बघत म्हणाले, "रडणार."

"का?"

"शिव्या द्यायला कुणी उरणार नाही म्हणून."

भाऊजी हसायला लागले. हसताना पाय हलला, कळ आली, तरी हसत राहिले. शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारायला लागला काय झालं म्हणून. मग डोळे पुसून ते म्हणाले, "चांगला आहे. शब्द चांगला आहे रे." हे उठून बाहेर गेले. मी डब्याचं झाकण लावत बसले, ते काही केल्या लागेना.

आठवडा संपला तेव्हा हे साहेबाकडे गेले. मला वाटलं होतं, नाही म्हणायला गेले. घरी येऊन सांगितलं ते असं. क्रेनचा आवाज मोठा असतो, वर बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही. म्हणून एक माणूस कडेला बसून हाताने खुणा करतो, वर घे, थांब, सोड. ती जागा पाचरला देणार असाल तर मी क्रेनवर बसतो, नाही तर तुम्ही दुसरा माणूस बघा. साहेब म्हणाला, लंगडा माणूस कसा चालेल? हे म्हणाले, खुणा हाताने करायच्या आहेत ना? त्याच्याएवढा जवळून दगड दुसऱ्या कुणी पाहिलाय? साहेबाने दोन दिवस घेतले आणि हो म्हटलं.

कंपनीचा तंबू उतरला त्या सकाळी मालक आमच्या घरी आले. उंबऱ्यावरच बसले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. त्यांना पायाचं कळलं होतं. ते म्हणाले, की झालं ते वाईट झालं, पण त्यासाठी जन्मभर क्रेनमध्ये बसायचं हे काही खरं नाही. क्रेन कुणीही चालवील. अशा ओळी करणारा माणूस मी इतकी वर्षं फिरतोय, मला भेटला नाही. त्यांनी ते तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रंगवलेल्या केसांचा काळा ओघळ कानशिलावरून खाली आला होता.

हे म्हणाले, "मालक, तुमच्याकडे थांबायला लागतं. मला आता थांबता येणार नाही. शब्द तोंडात आला की कधी एकदा टाकून देतो असं होतं. धरून ठेवायची भीती वाटते."

मालकांनी कानशिलावरचा ओघळ पुसला. मग म्हणाले, "ही भीती जाते."

"माझी नको जायला," हे म्हणाले.

सासूबाईंनी मालकांना चहा दिला. तो त्यांनी उभ्यानेच घेतला. गाड्या निघाल्या तेव्हा हे बघायला गेले नाहीत. घराच्या मागच्या बाजूला लाकडं फोडत राहिले. सरपण भरपूर होतं, तरी फोडत राहिले.

क्रेनवर हे कितीतरी वर्षं होते. काम बरं होतं. खांद्याला खड्डा पडला नाही, घरावर कौलं आली, मुलगी शिकली. सासूबाई शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, माझा मुलगा सावलीत बसतो. खडी फोडायलाही पुढं यंत्र आलं, पण मी तोवर तिथंच होते. पहिले काही महिने माझी हातोडी कुठल्याच तालात पडत नव्हती. दोनदा बोट ठेचलं. वरून नुसती घरघर यायची.

पाचरभाऊजी कडेला लाकडी खुर्चीवर बसून हात वर-खाली करायचे. एका संध्याकाळी चहा पिताना ते यांना सहज म्हणाले, "आज दुपारी दुसऱ्या दगडाला काय म्हणत होतास? तुझे ओठ हलत होते."

हे लाजले. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा लाजला. म्हणाले, काही नाही, सवय आहे. भाऊजींनी सोडलं नाही. तेव्हा यांनी ओळ सांगितली. साहेबाच्या टोपीवर होती. त्या दिवसानंतर ते रोजचंच झालं. भाऊजी दिवसभर लांबून ओठ बघायचे आणि संध्याकाळी विचारायचे. हे पटापट सांगून टाकायचे, शब्द मध्ये धरायचे नाहीत. भाऊजी प्रत्येक ओळीला 'हो' म्हणायचे. बशीतला चहा हिंदकळायचा. मी चुलीपाशी बसून ऐकायची.

मी लिहायला शिकले ते फार उशिरा, नातीबरोबर, तिच्या पाटीवर. जमायला लागल्यावर मी यांना म्हटलं, आता सांगा तुमच्या ओळी, मी उतरवून घेते. ह्यांनी आठवून बघितलं. मुकादमाच्या बुटांची सांगितली, आणखी दोनचार सांगितल्या, मग म्हणाले, राहू दे गं, समोर दगड नसला की त्या उभ्या राहत नाहीत. तरी मी लिहिल्या. इथं दिल्या आहेत त्या त्यांतल्याच.

पाचरभाऊजी खाण बंद झाली त्या वर्षी थंडीत गेले, आमच्याच घरी. हे त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले, सकाळी, मुलगी पोहोचायच्या आधी.